विलीज जीपचे डावीकडचे व्हील नट अजिबात सुटत नाहीयेत, एक स्टड तुटला, पुढे काय करू?

देवगडचा_जीपवाला
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या आजोबांची जीप आहे, १९६४ ची महिंद्राची विलीज सीजे३बी, उंच बॉनेटवाली, पेट्रोल. आजोबा गेल्यावर काकांनी थोडे दिवस चालवली आणि मग बागेतल्या चिऱ्याच्या शेडमध्ये जी उभी राहिली ती अकरा वर्षं तशीच. समुद्र दीड किलोमीटरवर, खारा वारा, त्यात चार महिने पाऊस, काय हाल झाले असतील ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण इंजिन हाताने फिरतंय! हँडल घालून फिरवलं तेव्हा आई सुद्धा बाहेर आली बघायला. त्यामुळे आता मागे हटायचं नाही असं ठरवलंय.

तर टायर चारही संपलेत, म्हणून आधी चाकं काढायला घेतली. उजवीकडची दोन्ही निघाली, दीड तास गेला, पाईप लावायला लागला, पण निघाली. डावीकडे मात्र एक नट हलेल तर शपथ. रॉकेल टाकून रात्रभर ठेवलं, डब्ल्यूडी-४० मारलं, हातोडा मारला, काही नाही. शेवटी १९ च्या गोटी पान्याला चार फुटी पाईप लावून मी आणि चुलत भाऊ दोघंही त्याच्यावर उभे राहिलो तर मागच्या चाकाचा एक स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो दांडा, कट्कन तुटला आणि नटासकट हातात आला. पुढच्या चाकाच्या एका नटाचे कोपरे गेलेत, पाना नुसता घसरतो.

मी अमेरिकन लोकांचं वाचलं होतं की या जीपला ड्रायव्हर साइडला उलटे आटे असतात, म्हणजे नट नेहमीच्या उलट दिशेला फिरवून सुटतात. म्हणून उजवीकडे सुरुवातीला उलटं फिरवून बघितलं, तर ते घट्टच व्हायला लागले, सरळ फिरवल्यावर सुटले. मग म्हटलं आपल्याकडच्या गाड्यांना सगळीकडे सरळच दिले असतील. गावातला गॅरेजवाला म्हणतो गॅसने कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. पण रिम आणि ब्रेकचे ड्रम जुनेच ठेवायचेत हो मला, आजोबांच्या हातचे आहेत. काय करू?

आबा_सातारा
भाऊ आधी तो पाईप बाजूला ठेवा आणि गॅसवाल्याला घरी पाठवा. तुम्ही दोन दिवस नट सोडत नव्हता, आवळत होता.

अमेरिकेत ड्रायव्हर बसतो डावीकडे. त्यांची ड्रायव्हर साइड म्हणजे आपली क्लीनर साइड. उलटे आटे डाव्या बाजूला असतात, ड्रायव्हर कुठे बसतो त्याच्याशी काही संबंध नाही. जीपमध्ये बसून समोर तोंड केलं की डाव्या हाताला जी दोन चाकं येतात त्यांचे नट घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. तुम्ही वाचलं ते बरोबरच होतं, फक्त बाजू फिरली. असं झालेले तुम्ही पहिले नाही, मी माझ्या शेडमध्ये पाच-सहा जीपांचे असे स्टड तुटलेले बघितलेत, आणि दरवेळी डावीकडचेच.

उलटे का दिले तर डावीकडचं चाक गाडी पुढे जाताना बाहेरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, नट जरा सैल राहिला तर चालता चालता उलगडत जाईल अशी त्या काळच्या इंजिनियर लोकांना धास्ती होती, म्हणून तिकडे डावे आटे. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात ना, त्याच जातीचा विचार. पुढे लक्षात आलं की नटाचा कोन असलेला तळ रिममध्ये नीट बसला आणि नट बरोबर आवळला तर सरळ आट्यांनीही काम भागतं, मग हळूहळू बंद केलं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, डोळ्याने बघा. साठ वर्षांच्या गाडीत कुणी काय बदललंय सांगता येत नाही, एखादा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दुसऱ्या जीपचा बसवलेला असतो, कधी पाचातला एकच स्टड सरळ आट्याचा असतो. स्टडच्या टोकावर तारेचा ब्रश मारा, चमकेपर्यंत. बऱ्याच वेळा टोकावर एल अक्षर ठोकलेलं दिसतं. ते गंजून गेलं असेल तर आटे बघा. कुठलाही साधा बोल्ट डोकं खाली आटे वर असा उभा धरा, आटे उजवीकडे चढत जाताना दिसतील. आता स्टडचा मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि टोक वर येईल असा फिरवा. डावीकडे चढत असतील तर उलटे. प्रत्येक स्टडचा असा फोटो काढा, एकाचा बघून बाकीचे गृहीत धरू नका. तुटलेला तुकडा हातात आहेच, त्याच्यापासून सुरू करा.

देवगडचा_जीपवाला
आबा, आत्ता टॉर्च घेऊन शेडमध्ये जाऊन आलो. तुटलेल्या तुकड्याच्या टोकावर घासल्यावर एल दिसतोय. आटे डावीकडे चढतायत. बोलायला शब्द नाहीत. आजोबांना हे नक्की माहीत असणार, ते स्वतःच चाक बदलायचे, आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

बाकीचे आठ तपासले, उलटेच आहेत. गोल झालेल्या नटातल्या स्टडचं टोक आत आहे, दिसत नाही. आता नुसतं घड्याळाच्या दिशेने जोर लावू का? आधीच इतका आवळलाय, अजून तुटायची भीती वाटते.

वेल्डर_इचलकरंजी
आमच्याकडे रोजचं आहे हे उलट्या आट्यांचं. ऑक्सिजनच्या बाटलीला सरळ आटे आणि ॲसिटिलीनच्या बाटलीला उलटे, म्हणजे चुकून एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लागूच नये. ॲसिटिलीनच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा मारलेल्या असतात ओळखायला. नवा पोरगा आला की पहिले आठ दिवस चुकतोच.

तुमच्या नटाला गरम करा. नट तेवढा लाल करायचा, थंड व्हायला लागला की पाना लावायचा, नट फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पाच मिनिटाचं काम, रिमला काही होत नाही. गोल झालेल्यावर मोठा नट घालून आतून वेल्डिंग भरा, वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मा सुटलेला असतो.

मंजिरी_पुणे
वेल्डरदादा, तुमची पद्धत बरोबर आहे, मीही वापरली आहे, पण टायर चढवलेल्या चाकावर असं सांगू नका हो, कुणी वाचून तसंच करेल. हवा भरलेल्या टायरच्या रिमवर गॅस किंवा वेल्डिंग चालवलं तर आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर फुटू शकतो, आणि तो साधा फुटत नाही, माणसं मेली आहेत त्याने. टायर बसलेला दिसत असला तरी ट्यूबमध्ये थोडी हवा असतेच. गरम करायचंच असेल तर आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, आणि तरीही ज्योत फक्त नटावर, रिमवर नाही.

दुसरं, जीपची पेट्रोलची टाकी सीटखाली असते. अकरा वर्षं उभ्या गाडीतली टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि वाफच पेटते. टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय शेडमध्ये ज्योत नको. वेल्डिंग केलंत तर बॅटरी सोडायची आणि अर्थिंगचा चिमटा त्याच चाकाच्या रिमवर लावायचा, चॅसिसवर लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. आणि ड्रम तापला की आतल्या व्हील सिलिंडरची रबरं, ऑइल सील, ग्रीस सगळं जातं. लाल केलेला नट आणि स्टड परत वापरायचे नाहीत, त्यांचा कडकपणा गेलेला असतो.

माझ्या बाबांची डॉज किंग्जवे आहे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. त्या क्रायस्लरच्या गाड्यांनाही डावीकडे उलटे आटे, कंपनीने १९७० च्या आसपासपर्यंत तसेच ठेवले होते. म्हणून हा प्रश्न फक्त जीपवाल्यांचा नाही. जुनी अमेरिकन गाडी हातात आली की डावीकडच्या चाकाला पाना लावायच्या आधी टोक घासून बघायचं, एवढं आमच्या घरात लहान मुलांनाही माहीत आहे. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांना मधोमध एकच मोठा पंखांचा नट असतो तिथे बरोबर याच्या उलटं, उजवीकडे डावे आटे. तो नट हब फिरण्याच्या अक्षावरच बसलेला असतो म्हणून तिथलं गणित वेगळं. अशा नटावर बहुतेक वेळा सोडायची दिशा बाणासकट कोरलेली असते, तांब्याच्या हातोडीने त्या दिशेला ठोकायचं.

आबा_सातारा
मंजिरीताईंनी लिहिलेला प्रत्येक शब्द लक्षात ठेवा, विशेषतः टायरचा. गॅस हा शेवटचा उपाय, आणि या केसमध्ये मला वाटत नाही त्याची गरज पडेल.

आता कसं करायचं ते. स्टडचं जे टोक नटाच्या बाहेर आलंय त्यावरचे आटे आधी साफ करायचे, ब्रश, मग टोकदार खिळ्याने आट्यातला गंज आणि जुना रंग काढायचा. लोक तेल ओतत बसतात पण नट सुटला तरी त्याला त्या गंजलेल्या टोकावरूनच बाहेर यायचंय, तिथे तो परत जाम होतो आणि स्टड तुटतो. मग चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, मुरलेल्या गंजाला ते कमी पडतं. आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतो, रबराला आणि रंगाला लागू द्यायचं नाही आणि जवळ विडी काडी नको. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, तीन दिवस. नटाचा कोन रिममध्ये जिथे बसतो तिथेही सोडा, अर्धी पकड तिथेच असते.

पाना बदला. हे नट पाऊण इंची आहेत, स्टड अर्धा इंची, इंचाला २० आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणून १९ ची गोटी बसते, पण बारा कोपऱ्यांची असेल तर गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. सहा कोपऱ्यांची, जाड भिंतीची घ्या आणि हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा.

आणि चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, जॅक नंतर. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललंत की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून पुढे सरकते. दोन्ही बाजूंनी चाकाला दगड लावा, फोर व्हील टाका, लो गिअर टाका, पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून मोकळं करणारे) बसवलेले असतील तर ते लॉक करा, मगच उचला. आणि जॅकवर असताना गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

सोडताना एकदम पाईप नको. आधी आवळायच्या दिशेला, म्हणजे तुमच्या डावीकडे घड्याळाच्या उलट, अगदी केसभर हिसका, मग सोडायच्या दिशेला. हलला की परत मागे, परत पुढे, मधे तेल. एका दमात काढायचा नाही. तुमच्या भागात ट्रकवाल्यांकडे तो गिअरचा पाना असतो, हँडल फिरवायचं आणि नट हळूहळू वळतो, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, जोर सावकाश लागतो आणि हाताला समजतं.

जुना_मिलिटरी
एक महत्त्वाचं जोडतो, देवगडकरांच्या गाडीला लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे युद्धकाळातली मिलिटरी विलीज असू शकते. तिच्या कॉम्बॅट रिम दोन भागांच्या असतात, आणि मधल्या पाच नटांच्या बाहेर गोलात अजून नट असतात ते रिमचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना ते बाहेरचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा अंगावर येतो. जाम झालेले नट दिसले की माणूस समोर दिसेल त्याला पाना लावतो, म्हणून सांगतोय. आधी हवा शून्य, मग मधले नट, चाक खाली, मग बाकीचं.

देवगडचा_जीपवाला
चार दिवसांनी लिहितोय. आबा, मंजिरीताई, सगळ्यांचे पाय धरायला पाहिजेत. सहा कोपऱ्यांची गोटी कणकवलीहून आणली, तीन दिवस तेल सोडलं, काल सकाळी घड्याळाच्या दिशेने जोर लावला आणि पहिला नट कुरकुर करत पाव फेरा फिरला, मी आणि भाऊ नुसते एकमेकांकडे बघत राहिलो. एकेका नटाला वीस मिनिटं दिली, मागे पुढे मागे पुढे. मागचे चारही सुटले, पुढचेही चार.

गोल झालेला राहिला होता. टायर फुटायचं वाचल्यापासून गॅस डोक्यातून काढूनच टाकला. नट स्प्लिटर (नट चिरायचं हत्यार) मिळाला पण रिमच्या खोलगट जागेत तो बसेना, शेवटी बारीक छिन्नीने नटाची एक बाजू थोडी थोडी कापली, डोळ्याला चष्मा लावून, दोन तास गेले, आणि नट चिरल्यावर हाताने निघाला. स्टडचे आटे थोडे दुखावलेत. रिमला एक ओरखडा सोडला तर काही नाही.

आता पुढचा प्रश्न. मागचा एक स्टड तुटलेला, पुढचा एक दुखावलेला. इथे सगळे म्हणतायत आता डावीकडचेही सगळे सरळ आट्याचे करून टाक, परत कटकट नको. तुमचं काय मत?

हायवे_नाशिक
करून टाका सरळ. माझ्या महिंद्राच्या एमएम५४० जीपला मी केले. कारण सांगतो, रात्री कसारा घाटाच्या खाली पंक्चर झालं, पंक्चरवाल्याला दोनदा सांगितलं उलटे आटे आहेत, तो हो हो म्हणाला आणि हवेची गन उलटी लावली, दोन सेकंदात दोन स्टड गेले. तीन स्टडवर घरापर्यंत चाळीसच्या स्पीडने आलो, बायको पोरं गाडीत. त्यानंतर आठ दिवसांत सगळे बदलले. गाडी तुम्ही वापरणार असाल तर जो पाना धरतो त्याच्या सवयीप्रमाणे गाडी असलेली बरी.

आबा_सातारा
हायवेभाऊंचं म्हणणं समजतं, घरची माणसं गाडीत असताना असा प्रसंग आला तर मीही तेच केलं असतं. पण बदलायचे तर डावीकडचे दहाच्या दहा, एकाच दिवशी. पाचात दोन सरळ तीन उलटे हा प्रकार सगळ्यात घातक, पुढच्या माणसाला काही कळतच नाही.

आणि हे काम हातोड्याचं नाही. या जीपचा स्टड हब आणि ड्रम दोन्हीतून आरपार जातो आणि ड्रमच्या बाजूला त्याची कॉलर फुलवलेली असते, रिव्हेटसारखी. नुसता ठोकून बाहेर काढलात तर ती फुललेली कॉलर हबचं भोक मोठं करत जाते, मग नवा स्टड त्यात कधीच घट्ट बसत नाही, आणि ड्रम वाकडा झाला तर ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. लेथवाल्याकडे न्या, त्याला आधी फुललेला भाग कापू द्या, मग प्रेसवर ढकलायचा. ड्रम उघडलात की आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा.

माझं मत विचाराल तर मोडलेले दोनच बदला, आणि ते डाव्या आट्याचेच घाला. जीपच्या जुन्या पार्टवाल्यांकडे अजून मिळतात, पण विकत घेताना टोकावरचा एल बघूनच पैसे द्या. गाडी आठवड्याला शंभर किलोमीटर पळणार नाही, आजोबांची गाडी आजोबांसारखी राहू दे.

मंजिरी_पुणे
मीही आबांच्या बाजूने. आणि पंक्चरवाल्याचा प्रश्न सोडवता येतो. डॉजच्या डाव्या चाकांच्या टोपीखाली बाबांनी पिवळ्या रंगाने बाण काढलाय आणि "सोडायला इकडे" असं मराठीत लिहिलंय, हिंदीतही लिहिलंय. टोपी काढली की पहिलं तेच दिसतं. बाहेर चाक काढायची वेळ आली तर हवेची गन लावू द्यायची नाही, पाना आपला, हात आपला.

बसवताना रिमला रंग देणार असाल तर नट बसायच्या कोनात रंग जाऊ देऊ नका. जाड रंगावर नट बसला की पन्नास किलोमीटरमध्ये रंग दबतो आणि नट ढिला होतो, मग कितीही आवळलेला असला तरी.

देवगडचा_जीपवाला
ठरलं. दोनच बदलतो, डाव्याच आट्याचे. एकच शेवटचं, आट्यांना ग्रीस लावू का? इथल्या हवेत कोरडे ठेवले तर दोन पावसाळ्यांत परत हीच कथा होईल अशी भीती वाटते. कुणी म्हणतं अजिबात लावायचं नाही.

आबा_सातारा
लावायचं नाही म्हणणारे चुकीचे नाहीत. आवळायचा जो आकडा दिलेला असतो तो कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावून तेवढंच आवळलं तर स्टडवर ताण जास्त येतो. पण समुद्रकाठी मी लावतो. तांब्याचं अँटी सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट), बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, फक्त आट्यांवर. नटाच्या कोनावर आणि रिमवर थेंबही नको. या जीपला साधारण ६५ ते ७५ फूट-पाउंड लागतात, म्हणजे ९० ते १०० न्यूटन मीटर, तुम्ही अँटी सीझ लावून ६० च्या आसपास ठेवा. टॉर्क रेंच डावीकडे आवळणारा आहे ना ते दुकानात विचारून घ्या, काही रेंच एकाच दिशेला आकडा धरतात आणि तुम्हाला तर उलट्या दिशेला आवळायचंय. समोरासमोरचे नट आलटून पालटून, एकदम एक पूर्ण नको. पन्नास एक किलोमीटर झाले की थांबून परत तपासा. आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सगळे नट ढिले करून परत आवळा, मग ते कधीच जाम होत नाहीत.

देवगडचा_जीपवाला
आबा, टॉर्क रेंचचं सांगितलंत म्हणून वाचलो, भावाकडे आहे त्याच्यावर एकाच दिशेचा बाण आहे. दुसरा बघतो.

ड्रम उद्या कणकवलीला लेथवाल्याकडे जातायत. बाण मात्र आजच काढला, दोन्ही डाव्या रिमवर, पिवळ्या रंगाने. काका बघायला आले होते, ते म्हणाले अरे आजोबांनी पण लाल रंगाची खूण केली होती, तुझ्या लहानपणी दिसायची. मग आम्ही दोघांनी मागच्या रिमचा गंज जरा घासला तर खरंच, एका नटाच्या बाजूला लाल रंगाचा अर्धा बाण राहिलाय. तेवढा भाग सोडून बाकीच्या रिमला रंग देणार आहे.